चार वार कमी

ऑर्व्हिल कुक्टाने आयुष्यात एकच कायदा केला, आणि तोही स्वतःच्या परसाच्या मापाने बेतून घेतला.

तो मूळचा मोजणीदार. चौतीस वर्षं खांद्यावर तिपाई टाकून त्याने एल्डर रनच्या टेकड्या पालथ्या घातल्या होत्या. कुणाचं कुंपण कुणाच्या रानात किती बोटं शिरलंय हे त्याला तोंडपाठ होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी तो ते सांगत असे. निवृत्त झाल्यावर लोकांनी त्याला टाउनशिपच्या, म्हणजे गावचा कारभार बघणाऱ्या, तीन जणांच्या मंडळावर निवडून दिलं. म्हणजे दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं.

त्याच सुमारास शहरातली माणसं इकडे घरं बांधू लागली. त्यांना टेकड्या हव्या होत्या, पहाटे अंगणात येणारी हरणं हवी होती. बंदुकीचा आवाज तेवढा नको होता. इथे तर आपल्या परसात निशाण लावून गोळ्या झाडणं म्हणजे गवत कापण्याइतकं साधं काम. गोळी आपल्या हद्दीबाहेर गेली नाही की झालं. शेरीफकडे कुणी तक्रार केलीच, तर डेप्युटी यायचा, निशाणामागचा मातीचा बांध बघायचा, "चांगला उंच घातलाय की," म्हणायचा आणि स्वतः दोन गोळ्या झाडून निघून जायचा.

शेवटी नवी मंडळी टाउनशिपच्या सभेत येऊन धडकली. "उद्या माझ्या स्वयंपाकघरात गोळी आली तर?" एक बाई म्हणाली. "आली तर आमची आम्हाला परत द्या," मागून कुणीतरी म्हणालं. दोन तास नुसता गदारोळ. मग ऑर्व्हिल उठला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. राहत्या घराच्या भिंतीपासून दीडशे वारांच्या आत कुणीही गोळी झाडू नये. झाडायचीच असेल, तर त्या घरातल्या माणसाची लेखी परवानगी घ्यावी.

दोन्ही बाजूंना वाटलं, आपण जिंकलो. दीडशेच का, शंभर किंवा दोनशे का नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ऑर्व्हिल परसातल्या ज्या बाकावर रायफल टेकवून नेम धरायचा, त्या बाकापासून सगळ्यात जवळचं घर ट्वायला हार्गिसचं, आणि ते एकशे चौपन्न वारांवर होतं. आदल्या रविवारी चर्च सुटल्यावर त्याने ते अंतर दोनदा मोजलं होतं.

विरोधात हात वर केला तो एकट्या ट्वायलाने. छत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. तिला माइक लागत नसे. "माझी हरकत गोळीला नाही, कागदाला आहे," ती म्हणाली. "शेजारी राहायचं आणि एकमेकांशी कागदावर बोलायचं?"

"सगळे काही तुझ्याइतके शहाणे नसतात, ट्वायला. म्हणून नियम लागतो," ऑर्व्हिल म्हणाला. लोक हसले. ती हसली नाही. त्यानंतर दहा वर्षं दोघांचं बोलणं म्हणजे टपालपेटीपाशी समोरासमोर आले की एकेक हात वर करणं, एवढंच.

कायदा पाळला जातो की नाही हे बघायचं काम ऑर्व्हिलने आपणहून अंगावर घेतलं होतं. डेलबर्ट फ्रीझचा बाक एका नव्या घरापासून एकशे एक्केचाळीस वारांवर भरला, तेव्हा हा मोजायची फीत घेऊन त्याच्या दारात हजर.

"नऊ वारांनी काय आकाश कोसळतंय, ऑर्व्हिल?"

"आज नऊ सोडले तर उद्या नव्वद सोडावे लागतील."

डेलबर्टने त्या शेजाऱ्याकडे परवानगी मागितली नाही. मानी माणूस. त्याने बंदूक विकली आणि ऑर्व्हिलला ओळख दाखवणं बंद केलं.

मग ट्वायलाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. जिना चढणं बंद झालं, म्हणून तिच्या भाच्याने घराच्या पश्चिम अंगाला चोवीस फूट लांबीची खोली काढून दिली, खाली, मोठ्या खिडक्यांची. पश्चिमेला ऑर्व्हिलचं परस. खोलीचे खांब उभे राहिले त्या दिवसापासून ऑर्व्हिल रोज बाकापाशी उभा राहून तिकडे नजरेने अंतर मोजू लागला. छप्पर पडलं आणि त्याने माळ्यावरून मोजणीचं जुनं यंत्र काढलं. एकशे सेहेचाळीस वार. पुन्हा मोजलं. एकशे सेहेचाळीस.

"चार वार!" त्याची बायको बर्निस म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"मग स्वतःलाच पकडून दे. फीत आहेच तुझ्याकडे."

बाक मागे सरकवावा तर ओढा, बाजूला सरकवावा तर सेप्टिक टँक. दर शनिवारी दहाच्या ठोक्याला बाकावर बसणारा ऑर्व्हिल त्या शनिवारी खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहिला. पुढच्याही शनिवारी तेच. ट्वायलाकडे जाऊन कागद मागायचा, या नुसत्या विचाराने त्याचे कान तापत.

चौथ्या शनिवारी सकाळी दारात गाडी थांबली. काठी टेकत ट्वायला उतरली. दुसऱ्या हातात घेवड्याच्या सूपचं भांडं.

"आहेस का जिवंत?" तिने दारातूनच विचारलं. "तीन शनिवार आवाज नाही. म्हटलं, बर्निसने कळवलं कसं नाही."

"सांग तिला," बर्निस आतून म्हणाली. "का मी सांगू?"

ऑर्व्हिलने सांगितलं. आकडे अगदी नेमके सांगितले, कारण तेवढंच त्याला न अडखळता सांगता येत होतं. ट्वायला आधी ऐकत राहिली, मग खुर्चीत बसली, मग इतकी हसली की नवा खुबा दुखायला लागला.

"म्हणजे मी झोपायला जागा केली आणि तू गुन्हेगार झालास?"

"अजून झालो नाही. झाडलीच नाही मी."

"कागद आण."

तिने तिथेच लिहून दिलं: 'ऑर्व्हिलने आज गोळ्या झाडायला माझी हरकत नाही.' खाली सही.

"आज?" ऑर्व्हिल म्हणाला. "फक्त आज?"

"तुझ्या कायद्यात परवानगीची मुदत लिहिली आहेस का?"

लिहिली नव्हती. स्वल्पविरामसुद्धा तपासून घेतलेल्या त्या कागदात मुदतीचं नाव नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी साडेनऊला ऑर्व्हिल रान तुडवत ट्वायलाकडे जाऊ लागला. सही अशी आल्या आल्या मिळत नसे. आधी कॉफी. मग दाराची सैल बिजागरी, मग पायरीऐवजी उताराची फळी, ती तर त्याने पाणसळ लावून दीड तासात बसवली. मग बसमधल्या पोरांच्या गोष्टी. त्यांतले निम्मे आता आजोबा झालेले. सही हातात पडेपर्यंत बरेचदा साडेअकरा वाजत, आणि बारा म्हणजे बर्निसचं जेवण. पंचवीसच्या जागी सहा गोळ्या, कधी तीन.

एकदा बारा वाजून गेले तरी तो नव्या खोलीत बसलेलाच होता. अचानक बाहेर धाडकन आवाज झाला. खिडकीची काच झणझणली, बशीतला कप हलला, आणि ऑर्व्हिल खुर्चीतून निम्मा उठला.

"काय झालं?"

"बर्निस असेल," ट्वायला शांतपणे म्हणाली. "जेवायला बोलावत असेल."

खरंच बर्निस होती. त्याच्याच बाकावर त्याचीच रायफल टेकवून तिने बांधात एक गोळी घातली होती. ऑर्व्हिल धापा टाकत रानातून आला. "अगं, परवानगी माझ्या नावावर आहे!"

"मग पुढच्या वेळी हाका मारीन. तुला ऐकू येतात का बघू."

त्या खोलीत आवाज इतका मोठा येत असेल हे त्याने कधी मोजलं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्याने तसं ट्वायलाला बोलून दाखवलं. "हे काहीच नाही," ती म्हणाली. "उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात."

वसंतात टाउनशिपवर नवं मंडळ आलं आणि त्याने जुने नियम एका वकिलाकडे तपासायला दिले. वकील तरुण होता, सभेत भराभर वाचत गेला: कुत्र्यांचा नियम ठीक, कचऱ्याचा ठीक. बंदुकांचा मात्र बाद. या राज्यात बंदुकांबद्दल नियम करायचा अधिकार फक्त राज्याला. टाउनशिपला तो कधीच नव्हता. म्हणजे हा नियम आज रद्द होत नाही, तो मुळात झालेलाच नाही.

"अकरा वर्षं..." ऑर्व्हिल दुसऱ्या रांगेतून म्हणाला.

"अकरा वर्षं लोकांनी आपण होऊन पाळला, साहेब," वकील कौतुकाने म्हणाला.

पुढच्या रांगेत बसलेला डेलबर्ट फ्रीझ मागे वळला. सभा संपल्यावर ऑर्व्हिलने त्याला पार्किंगमध्ये गाठलं.

"डेलबर्ट, तुझा बाक तू ठेवू शकतोस. होता तिथेच."

"तिथे आता टोमॅटो आहेत."

"माझं चुकलं."

"मोजण्यात नव्हतं चुकलं," डेलबर्ट म्हणाला आणि गाडीत बसला. पण काच खाली करून त्याने हात हलवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी ऑर्व्हिल ठीक दहा वाजता बाकावर बसला. आता त्याला कुणाला विचारायचं नव्हतं. आधीही नव्हतं, हे समजल्यावर तर तो जास्तच चिडला होता. त्या चिडीत त्याने एकामागून एक पंचवीस गोळ्या झाडल्या. निशाणावर चार लागल्या. साडेअकराला फोन वाजला.

"कॉफी थंड झाली," ट्वायला म्हणाली.

"आता परवानगी लागत नाही, ट्वायला. तो नियमच खोटा होता."

"माहीत आहे. मी होते की सभेत, तुझ्या मागच्याच रांगेत. पण कॉफीसाठी कधी परवानगी लागत होती?"

तो गेला. त्या दिवशी सहीचा विषय निघाला नाही. तिने दुसरा कप भरला तेव्हा त्याने हळूच विचारलं, काचा फार वाजल्या का. "पंचवीस वेळा," ती म्हणाली. "मी मोजल्या."

आता तो महिन्यातून एखाद्या शनिवारी रायफल काढतो. आदल्या दिवशी ट्वायलाला फोन करतो. ती बहुधा हो म्हणते. मागच्या महिन्यात तिची बहीण राहायला आली होती, तेव्हा ती सरळ नाही म्हणाली. अडवणारा कुठलाही कायदा नसताना ऑर्व्हिलने ते ऐकून घेतलं, आणि ती सगळी सकाळ बर्निसने पुढ्यात ठेवलेले बटाटे सोलत काढली.