वैद्यांच्या घरची चाळणी

वैद्याच्या ओसरीवर बसणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. माणसं बायकोपासून लपवतात ते वैद्याला सांगतात, आणि शेजारी कोण बसलंय हे विसरून सांगतात. मी शाळामास्तर. शाळा सुटली की सोलापुरात आमच्याच गल्लीतल्या नानावैद्यांकडे पान खायला बसायचो. आत त्यांची थोरली बहीण आक्का पीठ चाळत असायची. विधवा झाल्यापासून ती भावाकडेच होती. तिच्या चाळणीचा आवाज बाहेर ऐकू यायचा. गिरण्या जोरात असतानाचा काळ तो. आता नाना नाहीत, पण तिथं ऐकलेलं डोक्यात साठून राहिलंय.

नानांकडे येणारे बहुतेक पोटाचे रोगी. पुडी हातात पडली की प्रत्येकाचा एकच प्रश्न, "पथ्य किती दिवस?" नानांचं उत्तर ठरलेलं, "पोट आहे तोवर."

*

एकदा गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, आला. म्हणाला, "आठवडाभर पोट गच्च, अन् ऐतवारी आपोआप मोकळं. ह्यो काय रोग म्हनायचा?"

"ऐतवारी वेगळं काय खातोस?"

"काय न्हाय की. ऐतवारी भोंगा नसतो."

नानांनी हिरड्याचं चूर्ण परत बरणीत टाकलं. "मग भोंग्याआधी ऊठ, कोमट पाणी पी आणि निवांत बस. साहेबाला हात विकलेस, पोट नाही."

गडी मान खाजवत म्हणाला, "व्हय, पर चाळीतल्या संडासाची रांग भोंग्याआधीच लागती की!"

याच्यावर माझ्याकडे औषध नाही, असं नानांनी त्याला सरळ सांगितलं.

*

कोर्टातले एक कारकून होते, कायम घाईत. नानांनी त्यांना इसबगोल दिला आणि तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायला बजावलं. यांनी पुडी तशीच कोरडी तोंडात टाकली, वर घोटभर चहा घेतला आणि कोर्ट गाठलं. न्यायाधीशांपुढे कागद वाचायची वेळ आली तेव्हा घशातून आवाजच निघेना. संध्याकाळी लालबुंद होऊन ओसरीवर आले.

"नाना, तुमचं औषध घशातच फुगलं."

"फुगणं हेच त्याचं काम. फक्त ते पोटात जाऊन फुगावं म्हणून पाणी सांगितलं होतं. इसबगोल घ्या नाहीतर कोंडा खा, पाणी नसेल तर नुसता बोळा होतो."

कारकून थोडे निवळले. जाता जाता त्यांनी विचारलं, "हे पाण्याचं पथ्य किती दिवस?"

*

सगळ्यांत गाजली ती रंगम्मा. तेलुगू विणकरांच्या घरातली सासू, घरात तिचा शब्द शेवटचा. पोट दगडासारखं झालंय म्हणाली. नानांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला त्रास?"

"कुणाला न्हाई. सून तर हिंडती-फिरती."

"सून खाते काय?"

"आमचं चाळून उरल्यावर कोंडा ऱ्हातो की, त्याची भाकरी."

"मग तिचं ताट तू घे."

रंगम्मा औषध न घेताच उठून गेली. सुनेचा कोंडा सासूने खायचा म्हणजे मानच गेला. पण पोटापुढे मान फार दिवस टिकला नाही. पुढच्या महिन्यात ती हसत आली. "माझं बरं हाय नाना. पर सून आता चाळलेलं खाती ना, तिचं दुखायलंय."

नाना म्हणाले, "चाळणी खुंटीला टांगा आणि एकाच परातीतलं दोघी खा."

*

त्यानंतर नानाच आजारी पडले. मूळव्याध. रक्त जायला लागलं, गादीवर बसवेना. त्रिफळा झाला, एरंडेल झालं, तेवढ्यापुरता आराम पडायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने शस्त्रक्रिया सांगितली. नानांचे वडील तशाच शस्त्रक्रियेत गेले होते. नाना घाबरले होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एके दिवशी त्यांचं जेवण झाल्यावर मी पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दारात गेलो. पुरुषांची जेवणं आटोपली होती आणि आक्का एकटी जेवायला बसली होती. तिच्या पानात काळपट, जाडसर भाकरी होती.

"आक्का, ही कसली भाकरी?"

"नानाच्या पोळीचं पीठ वस्त्रगाळ करते, त्यातला कोंडा. टाकायचा कशाला?"

"मग हीच नानांना का नाही वाढत?"

तिने हातातला घास पानात ठेवला. "घरातल्या कर्त्या माणसाला कोंडा वाढू? मास्तर, लोक काय म्हणतील?"

माझ्यामागे नाना भिंतीला धरून उभे होते. सगळं त्यांनी ऐकलं होतं. काय खाता म्हणून साऱ्या गावाला विचारत आलेला हा माणूस आपल्या बहिणीच्या पानाकडे पहिल्यांदाच बघत होता. ते आत गेले आणि कष्टाने तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"आक्का, अर्धी दे."

तिने भाकरी मोडून अर्धी दिली. नानांनी हात लांब करून तुपाचं भांडं ओढलं आणि तिच्या अर्ध्या भाकरीवर तूप वाढलं. विधवेला तूप कशाला, म्हणून ते आक्काने कधीच सोडलं होतं. तिने बोटाने ते तूप भाकरीभर पसरलं. मग ओसरीवरच्या रोग्यासारखं तिने विचारलं,

"नाना, हे पथ्य किती दिवस?"

"मी आहे तोवर."