नानांचे नकाशे आणि सरकत्या सरहद्दी

शिक्षकांच्या खोलीत चहा संपतो, किस्से संपत नाहीत. जळगावच्या आमच्या शाळेत त्यांची रास पडली होती, आणि निम्मे किस्से इतिहासाच्या नानांचे. स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली होती. जुने नकाशे फाटले, नवे येईनात. मग नाना सांगायचे आणि ड्रॉइंगचे शेखसर मांजरपाटावर जुनी राज्यं रंगवायचे. मी भूगोलाचा, त्यामुळे चुका काढायचं काम माझ्याकडे.

*

पहिला नकाशा देवगिरीच्या यादवांचा. नाना बघतात तर दक्षिणेकडे राज्य कात्रीने कापल्यासारखं सरळ तुटलेलं.

"शेखसर, यादव इथेच थांबले?"

"यादव नाही थांबले नाना, कापड संपलं."

पोरांनी पेपरात तीच सरळ सीमा काढली. नानांनी निमूट मार्क दिले.

*

फारुकी सुलतानांच्या नकाशात खानदेश पिवळा होता, शेजारचा माळवा हिरवा. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शिपायाने, रामदासने, धूळ बसली म्हणून नकाशा धुतला. हिरवा रंग थेट तापीपर्यंत उतरला. हेडमास्तर असे तापले की रामदासला वाटलं, नोकरी गेली.

नानांनी चष्मा पुसून नकाशा पाहिला. "साहेब, काही बिघडलं नाही. माळव्याची स्वारी झाली होती, तेव्हा असंच दिसलं असणार."

रामदास वाचला. नकाशाही टिकला, खाली फक्त 'स्वारीनंतर' एवढं लिहिलं.

*

एकदा इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्टरसाहेबांनी भडगावकडच्या एका मुलीला विचारलं, "खानदेशच्या सुलतानांची राजधानी?"

"बऱ्हाणपूर."

"पण बऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात. मग ते खानदेशात कसं?"

मुलगी अहिराणीत म्हणाली, "मन्ही आत्या तठे लगीन करी देयेल शे. ते खानदेशात नही, हाई तिले कोन्ही सांगं नही."

साहेबांनी शेऱ्यात 'उत्तम' लिहिलं.

*

आणि हा गिरणाकाठच्या दोन शेतकऱ्यांचा. शेताला शेत लागून, बांधावरून भांडण, दोन वर्षं बोलणं बंद. एक म्हणे, आमची जमीन निजामशाहीतली. दुसरा म्हणे, फारुकी बादशहाने दिलेली. शाळेत जुन्या राज्यांचे नकाशे आहेत हे ऐकून दोघं दोन बैलगाड्यांतून आले.

नानांनी नकाशा टेबलावर पसरला. दोघं वाकले.

"आमना गाव कोठे शे?"

नानांनी बोट ठेवलं. दोन राज्यांमधली काळी रेघ बोटाएवढीच रुंद होती. गाव, दोन्ही शेतं, बांध, सगळं रेघेखाली.

"म्हणजे आम्ही कुणाच्या राज्यात?" त्यांतल्या वयस्क शेतकऱ्याने विचारलं.

"कुणाच्याच नाही," नाना म्हणाले. "तुम्ही रेघेत आहात."

"एवढी मोठी रेघ कोणी मारली?" दुसऱ्याने विचारलं.

शेखसर खाली मान घालून म्हणाले, "मी. ब्रश जाड होता."

दोघं एकमेकांकडे न बघता बाहेर पडले.

आठ दिवसांनी दोघांच्या नावाने शेखसरांना एकच निरोप आला. बांधावर तशीच रेघ मारायला तो जाड ब्रश दोन दिवस पाहिजे होता.