मांडीवरचे पागोटे

एका सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीवरचे पागोटे मी हिसकावून घेतले होते. माझ्या मास्तरकीतली ती सर्वांत मोठी चूक. पागोटे दाजीबा पंतोजींचे होते. दाजीबा आता नाहीत. ते कसे होते हे सांगायचे, तर त्यांच्यापुढे मी कसा वागलो हेही सांगितलेच पाहिजे.

अमरावतीच्या सरकारी शाळेत मी नवा मास्तर होतो. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शाळेच्या मागेच कापसाचा बाजार. पहाटेपासून गाड्यांची रीघ लागे. पलीकडच्या गल्लीत दाजीबांची गावठी शाळा त्यांच्याच ओसरीवर भरे. तिथे लहान मुले सरकीचे दाणे मांडून अक्षरे काढत, मधेच भांडत, मधेच झोपून जात. आमची शाळा आल्यावर दुसऱ्या कुणा पंतोजीने आम्हांला शिव्या घातल्या असत्या. दाजीबा मात्र मूल जरा मोठे झाले, की स्वतः हात धरून आमच्याकडे आणत. "माह्या ओसरीवर पोरगं रडाचं थांबते," म्हणत, "पुढचं तुमी पाहा."

मूल सोडायची त्यांची रीत विलक्षण होती. वर्गाच्या दारात ते डोक्यावरचे पागोटे उतरवत आणि मुलाच्या मांडीवर ठेवत. "हे तुह्यापाशी गहाण. बोडक्यानं मले घरी जाता येते काय? मंग मी जातो कुठी? निंबाखाली बसून राह्यलो, समज." आणि खरेच, शाळा सुटेपर्यंत हा म्हातारा शेंडी वाऱ्यावर सोडून निंबाखाली बसे. बोडका माणूस म्हणजे सुतकातला. गाडीवाले थांबून विचारत, "पंतोजी, कोन मेलं हो?"

"कोनी नाई मेलं बा. पोरगं शाळेत बसलं!"

काही दिवसांनी मूलच कंटाळून म्हणे, "न्या तुमचं पागोटं, यानं मले लिवता येत नाई." दाजीबा खूश होऊन ते डोक्यावर चढवत आणि मला म्हणत, "आता हे पोरगं तुमचं झालं, मास्तर."

म्हादूला आणले त्या दिवशी साहेब तपासणीला यायचे होते. रामजी पाटलाचा हा मुलगा भारी भित्रा. पागोटे घट्ट धरून कोपऱ्यात बसला होता. मी ते ओढून घेतले, बाहेर नेऊन दाजीबांच्या हातात दिले. "पंतोजी, घरी जा. तुमच्यामुळे पोरं लाडावतात."

"मास्तर, मी त्याले जबान देली हाय."

मी दार लावून घेतले. दाजीबा निंबाखालून हलले नव्हते. पण आतून निंब दिसत नव्हता. पागोटे गेले म्हणजे पंतोजी गेले, एवढेच म्हादूला कळले. मी फळ्याकडे वळलो तेव्हा तो मागच्या दाराने बाजारात पळाला.

हजार बैलांच्या पायांत सहा वर्षांचे पोर. आम्ही धावत सुटलो. दाजीबा गाडीमागून गाडी धुंडाळत होते, पागोटे काखेत. ऊन रणरणत होते. मी म्हणालो, "डोक्यावर घाला तरी!"

"कसं घालू? ते त्याचं हाय."

ऊन कलले. अकोल्याच्या वाटेला लागलेल्या एका गाडीवर, कापसाच्या ढिगातून एक डोके वर आले. खाली सगळी पागोटीच पागोटी, आणि त्यांत एकच उघडी शेंडी. "पंतोजी!" म्हादूने हंबरडा फोडला.

दाजीबांनी त्याला उतरवून पागोटे त्याच्या हातात दिले. तेवढ्यात रामजी पाटील आले. "पंतोजी, तुमच्या भरवशावर पोरगं धाडलं होतं! कावून सोडलं त्याले?"

दाजीबांनी मान खाली घातली. "माहं चुकलं, पाटील."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी दाजीबा म्हादूला घेऊन पुन्हा दारात हजर. पागोटे मांडीवर ठेवले. मी ते तसेच राहू दिले. म्हादू बसला, आणि पुढे चांगला शिकला. दाजीबा त्या दिवसाविषयी मला कधी एक शब्द बोलले नाहीत. त्या न बोलण्याने मला वर्षानुवर्षे पोखरले.

ते अंथरुणाला खिळल्याचे कळले तेव्हा माझेही केस पिकायला लागले होते. त्यांच्या ओसरीवर गेलो, माझे पागोटे काढून त्यांच्या पायांशी ठेवले. "पंतोजी, पाटलापुढे मी गप्प राहिलो. चुकलो."

त्यांनी हात लांबवून पागोटे जवळ ओढले, पांघरुणावर ठेवले. "मले सांगून काय करता? मले तं ठावंच होतं. ज्याले ठावं नाई त्याले सांगा."

"आत्ता?"

"आत्ता. पागोटं राहू द्या माह्यापाशी. म्हंजे परत याल."

मी बोडक्याने निघालो. भर बाजारातून, खोलापुरी वेशीबाहेर. ओळखीचे लोक वाट सोडून बाजूला होत होते. पाटील अंगणातल्या बाजेवर बसले होते. मला पाहून काठी टेकत उठले.

"मास्तर! कोन मेलं हो?"

"कोणी नाही, पाटील. म्हादू बाजारात हरवला त्या दिवशी त्याच्या मांडीवरचं पागोटं मी काढून घेतलं होतं. पंतोजी निंबाखालून हललेही नव्हते. चूक माझी होती. मला माफ करा."