भीमराज आणि दोन गोळ्यांचा बेत

कुरुळीच्या एका कारखान्यात भीमराज डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, दुरुस्त करायचा. प्रेसमधून निघालेल्या पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं, की डाय कुठे झिजलीय ते तो सांगायचा. परभणीहून आला तेव्हा एका खोलीत सहा जण राहायचे. आता चिखलीत स्वतःचा फ्लॅट होता, बायको कस्तुरा आशा सेविका होती आणि मुलगी मिनल शिकायला नाशिकला गेली होती. संसाराच्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच घरात दोघंच उरली, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या शरीरानं दगा दिला. अंथरुणात काही जमेना.

दीड वर्ष तो कारणं सांगत राहिला. कधी पाठ धरलेली, कधी ओव्हरटाइमचा शीण. कस्तुरा काही विचारत नसे, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

शेवटी कंपनीच्या बसमध्ये त्यानं शेजारी बसणाऱ्या सुजितला हळूच विचारलं. सुजितनं खिशातून एक पाकीट काढून त्याच्या हातात सरकवलं. "घे भावा, एकदम भारी."

त्या गोळीनं थोडा फरक पडला. थोडाच, पण भीमराज हरखून गेला. म्हणजे सगळं संपलेलं नव्हतं. एका गोळीनं इतकं, तर दोन गोळ्यांनी किती, असा हिशेब करून त्यानं मेडिकलमधून दुसऱ्या नावाची गोळी आणली. शनिवारी पहिली शिफ्ट संपल्यावर तो जवळजवळ पळतच घरी आला. तांब्या भरला, दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या, आणि कस्तुरा दारात उभी.

"कशाच्या आहेत?"

या वेळी त्यानं कारण शोधलं नाही. त्यानं पाकिटं पुढे केली.

तिनं नावं वाचली. "अहो, तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे. वर या दोन? चक्कर येऊन पडला असता म्हंजे?" मग ती खाली बसली. "दीड वर्ष मला वाटत होतं, मीच नकोशी झाले."

हे ऐकून भीमराजला रडूच आलं. त्या दुपारी दोघं जेवढं बोलली, तेवढं लग्न झाल्यापासून बोलली नव्हती.

सोमवारी ती त्याला चिंचवडला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई निघाल्या, योगिनी नावाच्या. भीमराज परत फिरणार होता, पण कस्तुरानं त्याचा दंड घट्ट धरला होता.

"छातीत कधी दुखतं का? जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?" डॉक्टरांनी आधी हेच विचारलं. "ती घेणाऱ्याला ही औषधं जिवावर बेततात."

"न्हाई. फक्त बीपीची हाय."

"या तुमच्या दोन्ही गोळ्या एकाच कामाच्या. एकत्र घेऊन फायदा दुप्पट होत नाही, बीपी मात्र खाली येतं. जोडीला दुसरं औषध द्यायचंच तर कारण बघून देऊ."

वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी दोनदा रक्त दिलं. साखर वाढलेली निघाली आणि पुरुषी हार्मोन बरंच कमी. भीमराजला तर हे ऐकून आनंदच झाला. दोष सापडला म्हणजे दुरुस्ती होणार, एवढं त्याला कळत होतं. साखरेचं औषध सुरू झालं, सकाळी खांद्याला लावायचं हार्मोनचं जेल आलं, आणि त्याच्या जोडीला आधीच्या गोळ्यांच्याच कामाची रोज एक छोटी गोळी. मध्ये मध्ये रक्त तपासायचं, आणि आपल्या मनानं काही वाढवायचं नाही.

पहिल्या महिन्यात काहीच घडलं नाही. तरी तो पहाटे उठून चालायला जायचा, चहात साखर नको म्हणायचा, आणि कस्तुराही त्याच्यासोबत बिनसाखरेचा चहा प्यायची. आठव्या-नवव्या आठवड्यात एका रविवारी दुपारी ती वाळलेले कपडे घडी करत होती. भीमराज शेजारी बसून तिला मदत करत होता. चादर घडी करताना दोघांचे हात जवळ आले, आणि आपल्या अंगात काय जागं होतंय ते त्याला कळलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं.

"दार लावा आधी," ती म्हणाली, आणि नव्या नवरीसारखी लाजली.

संध्याकाळी मिनलचा फोन आला तेव्हा कस्तुरा सारखी हसत होती. "आई, काय झालंय एवढं?" मिनल विचारत राहिली.

"काही नाही गं. तुझे बाबा चहा करतायत."

आत भीमराज खरंच चहा करत होता, आणि मोठ्यानं गात होता.