खंडेनवमीचा अपडेट

माझी जिरवायची म्हणून एका माणसानं लिहिलेला कागद मला अजून पाठ आहे. 'सूचना असतानाही खंडेनवमीच्या दिवशी यंत्रांना हात लावल्यामुळे प्रयोगशाळेतील पंधरा संगणकांची वायफाय कार्डे निकामी झाली. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.' खाली विभागप्रमुखांची लफ्फेदार सही. त्या सहीवर मी मनातल्या मनात किती वेळा शाईची बाटली उपडी केली असेल, देवच जाणे.

मी शहादा तालुक्यातल्या एका कॉलेजात संगणक लॅबची सहाय्यक होते. कॉलेजचं नाव काही सांगत नाही. नोकरी सत्रापुरतीच, दर सत्राला नवा आदेश निघायचा आणि त्यासाठी विभागप्रमुखांची शिफारस लागायची. म्हसावदहून एसटीनं येणारी, बापाच्या पपईच्या बागेत वाढलेली बाई लॅब एकटी सांभाळते, हे आमच्या सरांना पहिल्यापासून खुपायचं. त्यात भंगारात निघालेल्या पंधरा मशीनवर मी हट्टानं विंडोजच्या जागी हलकं लिनक्स बसवलं आणि ती पळायला लागली. झालं, तेव्हापासून सरांच्या पोटात दुखायला लागलं ते दुखायलाच लागलं. अशीच एक सोळावी मशीन सरांच्या केबिनमध्ये होती. तीच कंपनी, तेच कार्ड.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनींची पूजा होते. कीबोर्डवर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, मॉनिटरला हार. सरांनी सकाळीच बजावलं होतं, "आज कुणी यंत्राला हात लावायचा नाही." आपली केबिनमधली मशीन त्यांनी बंद करून, प्लग काढून, वर नारळ ठेवला. माझं मात्र महिनाभर रेंगाळलेलं काम होतं. दुपारी सगळे पेढे खायला स्टाफरूममध्ये गेले, लॅब रिकामी. मी माझ्या टेबलाशी बसून फोनवरून एक आज्ञा दिली आणि पंधराही मशीनी अपडेट केल्या. एका कीबोर्डवरचं फूलही हललं नाही हो! डिस्कवर जागा नव्हती म्हणून जुनं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काढून टाकायलाही मीच सांगितलं, परतीची वाटच ठेवली नाही. ती चूक मात्र माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

दसऱ्याची सुटी झाली, लॅब उघडली, आणि पंधराच्या पंधरा मशीनींचं वायफाय गेलेलं. नेटवर्क दिसायचं, जोडलं जायचं, आणि मिनिटभरात मरायचं. लॅबमधली केबल उंदरांनी कधीच कुरतडून टाकली होती, त्यामुळे वायफाय गेलं म्हणजे सगळंच गेलं. आणि पुढच्या सोमवारी प्रॅक्टिकल परीक्षा, जिची प्रश्नपत्रिका ऐन वेळी नेटवरून उतरवायची. केबिनमधली सोळावी मशीन मात्र छान चालत होती. शिपाईमामा दारात उभे राहून म्हणाले, "बाई, त्या दिन मशीनले हात लावा ना तुम्ही, तेन्हाच कोप शे हाऊ." मामांच्या त्या देवाच्या कोपाचं मला काही वाटलं नाही. पण सर मागून आले, मामांचं ऐकलं, गालातल्या गालात हसले, आणि तासाभरात तो कागद माझ्या टेबलावर आला.

परीक्षा दुसऱ्या कॉलेजला हलवावी लागली तर माझी शिफारस होणार नाही, हे त्यांनी तोंडी सांगितलं, तेही दार उघडं ठेवून, बाहेर पोरी उभ्या असताना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच क्षणी ठरवलं, या माणसाला मी त्याच्याच तोंडानं बोललेलं गिळायला लावीन.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकून विचार करत होते, तेव्हा लक्षात आलं की मामा म्हणाले ते खोटं नव्हतं. हात लावलेल्या पंधरा बंद पडल्या, हात न लावलेली एक चालते. कार्ड तेच, मशीन तीच, इमारत तीच. मग फरक तेवढाच, नव्या कर्नलचा. सरांनी नारळ ठेवून माझ्यासाठी पुरावाच जपून ठेवला होता की! मला भर बसमध्ये हसू आलं.

दुसऱ्या दिवशी फोनवरून जुनं कर्नल उतरवलं आणि एका मशीनवर चढवलं. वायफाय सुरू. मी धावत केबिनमध्ये गेले. "सर, कार्डं चांगली आहेत. नव्या कर्नलबरोबर कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, बदलला, त्यात बिघाड आहे." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, अख्खं जग ते कर्नल वापरतं. जगाचं चालतं आणि तुमचंच बिघडतं? जुनं घालून तात्पुरतं झाकू नका. कारण लेखी द्या, पुराव्यासकट." वर म्हणाले, "नसेल जमत तर तसं लिहून द्या, मी समजून घेईन." समजून घेणार म्हणे! डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली फाइल तिथंच भिरकावावीशी वाटली.

मग मी कारणाच्याच मागे लागले. जुन्या आणि नव्या कर्नलच्या मधे त्या ड्रायव्हरमध्ये एकतीस बदल झाले होते. जगाच्या पाठीवर कुठं कुठं बसलेल्या माणसांनी केलेले, प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाखाली नाव. त्यातला एक बदल चोर. एकतीसच्या एकतीस तपासायची गरज नसते. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की माझा बाप नळी मधोमध उघडून बघायचा, इथवर पाणी येतंय का. येत असेल तर पुढचा अर्धा भाग धरायचा, नसेल तर मागचा. हे तसंच. सोळाव्या बदलापर्यंतचा ड्रायव्हर तयार करायचा, चढवायचा, मशीन पुन्हा सुरू करायची आणि वायफाय पाच मिनिटं टिकतं का बघत बसायचं.

शनिवारी सकाळी लॅब उघडून बसले. मामांनी किल्ली दिली आणि स्वतःहून चहा आणला. सोळावा बदल घातला, वायफाय टिकलं. म्हणजे चोर पुढं. चोविसावा, गेलं. विसावा, टिकलं. बाविसावा, परत गेलं. प्रत्येक वेळी वायफाय मेलं की मला आनंद व्हायचा, मामांना वाटलं असणार बाईंचं डोकं फिरलं. शेवटी विसावा चालतो आणि एकविसाव्यावर मरतो, इथं येऊन थांबले. उघडून पाहिलं तर बदल एका ओळीचा. कुणीतरी वीज वाचवायला कार्डाला झोपायला सांगितलं होतं. नव्या कार्डांना चालतं ते. आमची जुनी कार्डं झोपली की उठतच नव्हती. "सापडला मेला!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की मामांच्या हातातला झाडू पडला.

ती झोप बंद करायला एक ओळ पुरे होती. पंधराही मशीनींवर ती ओळ घातली आणि चारच्या बसआधी सगळं वायफाय सुरू झालं. घरी जाऊन त्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्यांना सगळं सविस्तर कळवलं. रविवारी दुपारी उत्तर आलं, अगदी दोन ओळींचं: तुमचं बरोबर आहे, बदल मागे घेतो, चूक दाखवणारी म्हणून तुमचं नाव नोंदवतो. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुन्हा साहेबले दखाड." साहेबाला तर दाखवणारच होते.

सोमवारी परीक्षा सुरळीत झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मशीनींचं कौतुक केलं, आणि सर म्हणाले, "थोडी अडचण होती, मी जातीनं लक्ष घातलं." मी तिथंच उभी होते हो, हातात हजेरीपट घेऊन! नंतर मी खुलासा दिला, सोबत त्या उत्तराची प्रत. सरांनी प्रत परत केली. "परदेशातल्या माणसाची पत्रं आपल्या फाइलला लागत नाहीत." मग कागद मागे घेणार का, असं विचारलं. "बघू. आणि हो, माझीही मशीन आता नवी करून टाका, पूजेमुळे राहिली होती."

"करते सर," म्हणाले. आणि केली. सांगितली तेवढीच केली. नवं कर्नल घातलं, जुनं काढलं, आणि ती एक ओळ घातली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुण नेटवर भरायचे होते, आणि विद्यापीठाकडं त्यासाठी नोंद फक्त सरांच्या मशीनची. सकाळी अकराला मामा निरोप घेऊन आले की साहेबांचं नेट गेलं. मी म्हटलं, येते. जर्नलं तपासली, पाणी प्यायले, खिडकीतून ग्राउंडवरच्या पोरांचं कबड्डीचं भांडण बघितलं. मामा तिसऱ्यांदा आले तेव्हा गेले. सर घामाघूम झालेले. "बाई, काय झालंय बघा बरं." मी मशीनकडं पाहिलं सुद्धा नाही. म्हटलं, "सर, कार्ड निकामी झालं असेल. कुणी हात लावला होता का?"

माझा टोमणा त्यांना कळला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काय पाहिजे तुम्हाला?" मी सांगितलं. तो कागद मागे घेतल्याचं लिहा, दोष ड्रायव्हरचा होता असं लिहा, आणि पुढच्या सत्राची शिफारस लिहा. त्यांनी लिहिलं. प्रत्येक शब्द मी वरून वाचत होते, आणि खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं. खाली सही झाली. मग मी खुर्चीवर बसले, ती ओळ टाइप केली, मशीन पुन्हा सुरू केली. नेट आलं. दोन मिनिटं लागली असतील.

सर घड्याळाकडं बघत होते. इतकी वर्षं माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला. "तुले माहीत व्हतं ना?"

नाही म्हणायचं, बस. 'आत्ता सापडलं सर,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. कागद टेबलावर होता, सही ओली होती, माझा हात त्याच्यापासून वीतभर लांब. पण मग त्यांना कळलंच नसतं की त्यांना हरवलं कुणी. बिघाड आला नि गेला, असं समजून ते घरी जाऊन निवांत जेवले असते. ते मला सहन होईना.

"हो सर," मी म्हणाले, "काल घालतानाच माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. कागद उचलला, नीट चौघडी घातली आणि शर्टच्या खिशात ठेवला. मग शांतपणे गुण भरायला लागले. दिवाळीनंतर माझा आदेश निघाला नाही. कुणी विचारलं की मी पटसंख्या कमी झाली म्हणून सांगते.