रफाराचे मालक

संघपाल रामटेके काय करतात, असं कोणी विचारलं की ते "शाळेत कॉम्प्युटरवर आहे" एवढंच सांगत. नागपुरातल्या त्या खासगी शाळेत अकरा वर्षं काढली, तरी दर जूनमध्ये कंत्राट नवं व्हायचं आणि तोवर जीव टांगणीला. हजेरी, निकाल, दाखले, सगळं त्यांच्याच गळ्यात.

दाखले छापायचं सॉफ्टवेअर एका बड्या कंपनीचं होतं. त्याला सगळं यायचं, फक्त अक्षराच्या डोक्यावरचा रफार तेवढा जमत नसे. आर्याच्या दाखल्यावर 'आया' छापून येई, हर्षितचा 'हषित' होई. खुद्द मुख्याध्यापिका वैदेही दर्यापूरकर यांचं सहीखालचं नाव 'दयापूरकर' पडे. मॅडमच्या ठायी दया सापडायची ती तेवढीच.

कंपनीला सतरा पत्रं गेली. सतराही वेळा उत्तर आलं, आमचं सॉफ्टवेअर निर्दोष आहे, तुमचा कीबोर्ड तपासा. मग संघपाल पेन घेऊन बसत आणि एकेका दाखल्यावर हाताने रफार देत. शेवटी त्यांचं डोकं फिरलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वतः चाळीस ओळींचा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून लावायचं ठिगळ, लिहिला, कंपनीची एक ओळही न उचलता. रफार जागच्या जागी बसू लागला. काटोल आणि पारशिवनीच्या शाळांनी मागितला, तर यांनी फुकट देऊन टाकला.

आता मात्र कंपनीला एकाएकी रफार दिसला. नोटीस आली. तुमचा पॅच आमच्या सॉफ्टवेअरशिवाय चालत नाही, म्हणजे तो आमच्याच कृतीतून निघालेला, म्हणून कॉपीराइट कायद्याने आमचा. तो काढून टाका आणि आपला हक्क नसल्याचं लिहून द्या. त्यात मॅडमनीही निरोप धाडला, लिहून द्या, नाहीतर यंदा कंत्राट विसरा.

घरी बायकोला, भावनाला, त्यांनी नोटीस वाचून दाखवली. ती साड्यांना फॉल-पिको करून देत असे. हातातली सुई न थांबवता ती म्हणाली, "अवो, फॉल बी साडीबिगर कामाचा नाही. म्हणून का तो साडीवाल्याचा होते?"

"कंपनी तसंच म्हणून राहिली."

"मंग द्या उसवून. पाहू द्या त्याइले, साडी कशी बसते."

सोमवारी कंपनीचा गौरांग नावाचा अधिकारी गळ्यात ओळखपत्र मिरवत आला. नेमका दहावीच्या दाखल्यांचा दिवस, व्हरांड्यात पालकांची गर्दी. संघपालांनी गरीब गाईसारखा पॅच काढला, हक्क सोडल्याचं पत्र टाइप केलं आणि छापून मॅडमपुढे ठेवलं. 'सव हक्क कंपनीचे आहेत. साक्षीदार: वैदेही दयापूरकर.'

"हे काय?" मॅडमचा आवाज चढला.

"कंपनीचं मूळ काम हाये मॅडम. निर्दोष."

"आणि बाहेर थांबलेल्या पालकांचे दाखले?"

"दोनशे बारा. असेच छापून राहिले."

"लावा तुमचं ते परत!"

गौरांगने घसा साफ केला. "मॅडम, यांनी लावलं तर कायद्याचा भंग होईल."

"मग तुम्ही लावा. तुमचंच आहे ना?"

गौरांगने लॅपटॉप उघडला, मिटला, कोणाला तरी फोन लावला. तिकडून त्याला कीबोर्ड तपासायला सांगितलं गेलं. संघपाल शांतपणे म्हणाले, "तुमच्याच मालातून निघालं म्हणता नं साहेब? मंग काढा नं."

साहेब लॅपटॉप पिशवीत भरू लागले. मॅडमनी दाखल्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा." मग पत्राचे दोन तुकडे केले, खणातून कंत्राटाचा कागद काढला आणि त्यावर सही ठोकली. संघपालांना अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या बाईबद्दल माया वाटली.

गौरांगने पहिलाच दाखला घेतला. 'आया'. त्याने रफार दिला तो 'आ'च्या डोक्यावर.

संघपाल वाकून पाहत म्हणाले, "चुकलं साहेब, पुढच्या अक्षरावर देतात. मी दुरुस्त करून देतो, पण मंग हा रफार कोणाचा, तेवढं आधी लिहून द्या."