दहा नंबरचा पाना

मोरीत पाय घसरला आणि पप्पांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. वय अडुसष्ट, साखर कधीच ताब्यात नाही. उल्हासनगरचे डॉक्टर म्हणाले, मोठी चीर देऊ नये, ती भरलीच नाही तर पंचाईत. म्हणून त्यांनी कातडीतून हाडात बारीक सळया घातल्या आणि बाहेर एका दांड्याला नटांनी आवळल्या. सहा आठवडे ते लोखंड खांद्यावर असंच राहणार होतं.

पप्पांनी आनंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढली. मशीनच्या आवाजावरून कुठला नट ढिला झालाय ते सांगायचे. बुवापाड्याला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी आरशासमोर, डाव्या हाताने नटाला दहा नंबरचा पाना लावताना मी त्यांना पकडलं. पाना, तोही ऑइलने काळा झालेला. माझं डोकंच फिरलं. शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने बोलले, पाना हिसकावला आणि माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये टाकला.

तेव्हापासून जिवाला चैन नव्हतं. सकाळी साखर तपासायची, ड्रेसिंग करायचं, सळईभोवती लाल दिसतंय का ते मोबाईलच्या उजेडात बघायचं. ऑफिसात बसले तरी तासातासाला फोन. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, वरचा नट हलतोय.

"पप्पा, तुम्ही आता फिटर नाही, पेशंट आहात. गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत सांगितलं. मी परत झिडकारलं. मग ते बोलायचेच थांबले, आणि मला वाटलं, सुटले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी नुसतं बोट लावलं तर नट फिरला. एक्स-रेत हाडाचा तुकडा सरकलेला दिसत होता. तो जागेवर आणायचा तर चीर द्यावी लागणार, आणि तीच तर द्यायची नव्हती. हात आता खांद्याच्या वर जाणार नाही, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "काका, ये नट कब से ढीला है? आपको समझा नहीं?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नहीं डॉक्टर," ते म्हणाले, "मेरे को समझा नहीं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पर्स माझ्या मांडीवर होती, पाना अजून तिच्यातच. डॉक्टरांनी ट्रेमधला त्यांचा पाना घेऊन नट आवळला. अर्ध्या फेऱ्यात झालं.